उपाशी गोधडी

माझ्या आत्याला आज श्रद्धांजली वाहणाऱ्या एका माणसाची मी इथे वाट लावणार आहे.

गोड पोस्ट हवी असेल त्यांनी पुढे स्क्रोल करा.

आत्या जाऊन आज वर्ष झालं.

अंबरनाथच्या मोरिवलीत राहायची. माहेर माणदेशातलं, म्हणून बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यांत धागे कापायची आणि येताना कतरणीची पिशवी घेऊन यायची. त्या तुकड्यांच्या गोधड्या शिवायची. आमच्या घरातलं एकही पोर तिच्या गोधडीशिवाय मोठं झालेलं नाही.

तिची एक रीत होती. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत चिमूटभर ज्वारी घालायची.

"उपाशी गोधडी कुणाला द्यायची न्हाई. घेणाऱ्याची झोप लागत न्हाई मग."

तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा तिने माझ्या मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. पडलेल्या बिल्डिंगी, बर्फ, शेकोटीभोवती बसलेल्या बायका.

"कुठं हाय हे?"

"खूप लांब. विमानाने जावं लागतं."

"लांब असू दे. गारठा गारठाच की."

मी म्हटलं, घरातले जुने स्वेटर देऊ. अशी भडकली माझ्यावर!

"बदलापूरच्या पुरात माझ्या लेकीला मदत म्हणून काय आलं हुतं? बटणं तुटलेले ब्लाउज! द्यायचं तर आपण पांघरतो तसलं द्यायचं."

डोळ्यांत मोतीबिंदू असताना तिने चार गोधड्या शिवल्या. सुईत दोरा मी ओवून द्यायचे.

अंबरनाथ पूर्वेला एका हॉलमध्ये मदत गोळा करत होते. गोळा करणारे आमच्या भागातले एक समाजसेवक. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. नाव लिहीत नाही, फुकटची पब्लिसिटी नको.

भाऊंनी आत्यासोबत फोटो काढला. मग गोधडी चाचपली आणि कोपऱ्यात हाताला ज्वारी लागली.

"ये क्या है मावशी? करणी-बिरणी करून आणलीय का?"

पोरं खी खी हसली.

आत्या समजावत होती. भाऊ ऐकायच्या मूडमध्ये नव्हते. "फॉरेनला जाणार आहे माल. इज्जत जाईल आपली." कटर घेतला आणि सगळ्यांसमोर चारही गोधड्यांचे कोपरे फाडले. ज्वारी फरशीवर सांडली.

माझा हात उठला होता. आत्याने तो धरला.

"गप. भांडलीस तर ह्यो बाबा गोधड्या घ्यायचा न्हाई. तिकडं माणसं कुडकुडत्यात."

मग सुई मागून घेतली, तिथेच फरशीवर बसली आणि रिकामे कोपरे पुन्हा शिवले. शिवताना गोधडीलाच काहीतरी पुटपुटत होती. मी वाकून ऐकलं.

"उपाशी धाडतीय गं बाई. रागवू नगंस."

चारेक महिन्यांनी एका कामासाठी मी भाऊंच्या ऑफिसात गेले. बाहेर त्यांची बुलेट उभी होती. ऊन लागू नये म्हणून वर गोधडी टाकलेली.

निळ्या कतरणीची. एक कोपरा दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला.

आतल्या पोराला विचारलं. म्हणाला, "वो लॉट तो गया ही नहीं, दीदी. सिर्फ नया माल गया." बाकीच्या तीन गोधड्यांचं त्याला माहीत नव्हतं.

त्या क्षणी भाऊंची कॉलर धरायला हवी होती. नाही धरली. आरडाओरडा झाला असता तर मोरिवलीपर्यंत पोचला असता आणि आत्याला कळलं असतं.

कारण ती रोज विचारायची. टीव्हीवर बर्फ दिसला की विचारायची. हिवाळा लागला की विचारायची.

"आपल्या गोधडीत कोण झोपत आसंल गं आता?"

"एखादी म्हातारी असेल, आत्या."

"आन् तिची नातवंडं. मोठ्ठी शिवलीय मी, तिघं मावत्यात."

ती होती तोवर मी तोंड शिवून बसले. गुपचूप बुलेटचा एक फोटो तेवढा काढून ठेवला होता.

ती गेली. दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. "सातासमुद्रापार मायेची ऊब पोचवणाऱ्या मावशींना भावपूर्ण श्रद्धांजली." तिचा फोटो पासपोर्टएवढा. भाऊंचा कमरेपर्यंत, हात जोडून.

आणि आज वर्षश्राद्ध, तर म्हणे मरणोत्तर सत्कार! मला शाल घ्यायला स्टेजवर बोलावलं.

गेले. साडी नेसून गेले.

माइक हातात आल्यावर विचारलं, "भाऊ, गोधड्या कुठे आहेत?"

"ताई भावुक झाल्यात," भाऊ लोकांकडे बघून म्हणाले.

"भावुक नाही. विचारतेय. तुर्कस्तानात आहेत की बुलेटवर?"

त्यांच्या पोरांनी माइक बंद केला. काही फरक पडला नाही. मोरिवलीच्या बाईचा आवाज आहे, कारखान्यांच्या भोंग्यांवरून हाक मारायची सवय आहे आम्हाला. ज्वारीपासून बुलेटपर्यंत सगळं सांगितलं. समोरच्या खुर्च्यांवर तेव्हा मदत दिलेल्या बऱ्याच बायका होत्या. त्यांच्यातली एक उठून बोलली, "माझी नवी चादर पण दिली होती मी. ती कुठाय?" मग दुसरी उठली.

भाऊ स्टेजच्या मागच्या बाजूने उतरले.

खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

तासाभरात त्यांनी मला ब्लॉक केलं. म्हणून ही पोस्ट पब्लिक ठेवली आहे. बुलेटचा फोटो खाली आहे, झूम करा. नंबर प्लेट छान आलीय. टॅग ज्याला करायचं त्याने करा.

माफ कर, सोडून दे, असं कोणी कमेंटमध्ये लिहू नका. तो अधिकार जिचा होता ती गेली आणि मला मोठ्या मनाची हौस नाही.

आत्या, भाऊंची श्रद्धांजली मी परत केली. माझी ठेवून घे.

तू असतीस तर आज मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्यास.

घाल ना.