फाटकाबाहेरचा पोळा

फिनेलचा वास आला की मला अजून बैलांची घुंगरं ऐकू येतात. सत्तावन साली फ्लूची साथ आली तेव्हा मी अमरावतीच्या एका वृद्धाश्रमात नर्स होते. दोन्ही वेळा फिनेलनं फरशी पुसायची आणि फाटकाला कुलूप ठेवायचं, एवढंच माझ्या हातात होतं. पोळ्याच्या संध्याकाळी फाटकाबाहेर शिंगं रंगवलेली, झुली पांघरलेली जोडी येऊन उभी राहिली. आश्रमातल्या एका मूलबाळ नसलेल्या शेतकरी बाबांचे ते बैल; बाबांच्या हातून पुरणपोळी खायला पुतण्या त्यांना दरवर्षी घेऊन यायचा. मला राहवेना, मी किल्ली काढली, तर बाबांनीच काठी आडवी धरली. "उघडू नोको बाई! इथं सारे खोकून राह्यले, त्याच्या घरी बारकी लेकरं हायेत." मग व्हरांड्यातूनच बैलांना हात जोडून ते पुतण्याला ओरडले, "तूच चार रे, माह्या नावानं!" आता बाबा रडतील म्हणून मी जवळ गेले, तर ते आत वळून खाटेवरच्या सगळ्यांना हाका मारत होते, "उठा, पाहा! हाय का कोणाची अशी जोडी?" आणि तापानं फणफणलेली माणसं एकमेकांना धरून खिडकीशी आली. आज मी बाबांच्या वयाची आहे, आणि त्या दिवशी त्या फाटकाच्या आत मीही होते, हे कोणी विचारलं नाही तरी अभिमानानं सांगते.