पाद्रीबुवांची बिस्किटं

सार्डिनियाच्या आमच्या डोंगराळ गावात रायमोंदासारखी कंजूष बाई दुसरी नाही, आणि नसलेलीच बरी. तिच्या भिंतीला भिंत लावून माझं आयुष्य गेलं, म्हणून हक्कानं सांगते.

ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे मेलेल्यांच्या सणासाठी घरोघर पापासिनी होतात. मनुका, बदाम, अक्रोड घातलेली, शंकरपाळ्याच्या आकाराची बिस्किटं, वर पांढरी साखर थापलेली. रायमोंदाची सुरेख होतात, हे मेलं मान्य करावंच लागतं. पण जायची कुठं? पाद्रीबुवांकडे, डॉक्टरकडे, नोटरीच्या बायकोकडे. नवरा बाकिझिओ दिवसभर मेंढरांमागे फिरून यायचा, ताटलीकडे हात न्यायचा, की ही खेकसायची, "हात लावू नकोस. पाद्रीबुवांची आहेत." त्याच्या वाट्याला जळकी नि मोडकी. तोही असला मेंगळट, की मुकाट्यानं तीच चघळत बसायचा. पुढे पुढे तर चांगल्या ताटलीकडे बघायचासुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला आणि बाईला प्रेमाचं भरतं आलं. वरातीमागून घोडं! मृतांच्या रात्री आम्ही टेबल मांडून ठेवतो, मेलेल्यांच्या हाती टोकदार काही नको म्हणून सुरी-काटा न ठेवता, आणि झोपतो. सकाळी ताटलीत चुरा दिसला की आपलं माणूस जेवून गेलं. मांजराचं नाव कुणी काढायचं नाही. रायमोंदानं सगळ्यांत देखणी पापासिनी रचली आणि अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवली. तो जेवून गेला तर त्यानं आपल्याला माफ केलं, असं ती धरून बसली होती. हे मात्र तिनं मला एकटीला सांगितलं.

सकाळी माझ्या दारात उभी. ताटलीतलं एकही जागचं हललं नव्हतं.

"आलाच नाही गं तो," म्हणाली.

मला कीव यायला हवी होती. नाही आली.

"आला असेल," मी म्हटलं. "पाद्रीबुवांची समजून तसाच परत गेला असेल."

ती तडक वळून आपल्या घरात गेली, मी मागोमाग गेले. फडताळं उघडून ती जळकी, मोडकी शोधत होती. पण ती तिनं आदल्याच दिवशी, मेलेल्यांच्या नावानं दारोदार मागत फिरणाऱ्या पोरांना वाटून टाकली होती. चांगली कशाला वाया घालवा, म्हणून.