वहिनीचा उजवा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही अशी सगळ्या मंगळवार पेठेत माझी ख्याती. मी बोलायला लागलो की लोक हातातला पेला तसाच धरून उभे राहतात. पण हे एवढं राहिलं — राहू दिलं.

आमचा धंदा दुधाचा. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर न्यायच्या आणि गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून द्यायची. थोरला भाऊ गेल्यापासून धार काढायची वहिनी, आणि बोलायचो मी. म्हशींनाही तिच्याच हाताची सवय. दुसरा हात लागला की पान्हा चोरायच्या. वाटणी सोपी होती — मला तर फारच.

मग तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. झोपेतून उठून हात झटकत बसायची. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून नीट समजावलं. मनगटात नस दाबली जातेय, पट्टा बांधायची आणि इंजेक्शनची वेळ गेली. नसेवरची जाड पट्टी कापून ती मोकळी करायची. तळहातावर छोटा छेद देऊन, नाहीतर मनगटापाशी त्याहून लहान छेदातून, दुर्बिणीनं. दुर्बिणीनं हात जरा लवकर कामाला लागतो. शेवटी गुण दोन्हींचा सारखाच. भूल हातापुरती. मात्र उशीर नको, आणि नंतर काही आठवडे धार काढायची नाही.

वहिनी म्हणाली, "करून टाकू की."

काही आठवडे — मी तेवढंच ऐकलं. म्हणजे धारेला मी बसणार, लाथा मी खाणार, आणि कट्ट्यावर हसं माझं होणार. तुम्हाला हे क्षुल्लक वाटतं? होतंच क्षुल्लक.

त्याच संध्याकाळी मी गारगोटी गावचा एक पैलवान जन्माला घातला. असा कुणी नव्हताच. त्याच्या मनगटाचं असंच ऑपरेशन झालं आणि हात लुळा पडला, भाकरी मोडता येईना, बायको भरवते — मी हात लोंबता सोडला, मान वाकडी करून घास घेतला. कट्टा हसून लोळला.

"पैलवान हाय का तान्हं पोर?" कुणीतरी म्हणालं. मी आणखी रंगलो.

वहिनी हसत नव्हती. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून स्वतःच्या हाताकडे बघत होती. मला ते दिसलं. दिसलं — आणि तरी मी गोष्ट पुरी केली.

तिनं पुन्हा ऑपरेशनचं नाव काढलं नाही. वर्षं गेली. अंगठ्याखालचं मांस झडलं, पेले हातातून सुटायला लागले, तेव्हा कुठे तळहातावर छेद देऊन ते झालं. ठणका थांबला. बोटांतली जाणीव आणि जोर काही परत आला नाही. फार उशीर केलात, डॉक्टर म्हणाले. म्हशी विकल्या. आता तिच्या ब्लाउजचे हूक माझी बायको लावते.

परवा जेवायला बसलो होतो. डाव्या हातानं भात कालवता कालवता वहिनी म्हणाली, "भावजी, तवा तुमी सावध केलासा म्हणून बरं. लवकर गेलो असतो तर त्या पैलवानागत झालं असतं बघा. एवढा तरी हात राहिला तुमच्यामुळं."

"व्हय," मी म्हणालो, आणि तिच्या ताटात आमटी वाढली.