नबीलाल पेंटर यांचा लेख आणि चौदा शुभेच्छुक

लेखाच्या शेवटी ‘शुभेच्छुक’ असा मथळा होता आणि खाली चौदा नावं.

“शकीलभाई, हे काय आहे?”

“मित्रमंडळ हाय, मॅडम. नावं घातली न्हाईत तर नाराज हुत्यात.”

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. फावल्या वेळात मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशावर संपादन करते. त्यात कुणीही लिहू शकतं, आणि माझी सगळी डोकेदुखी या ‘कुणीही’तच आहे. आमच्या प्राचार्यांना हे कळल्यावर त्यांनी लगेच नवीन लेखकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा लावली. बाहेरच्यांनाही प्रवेश ठेवला. त्या बाहेरच्यांत शकील होता. कॉलेजसमोर त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, दहावीचा निकाल, कुणाची कुठल्या तरी समितीवर निवड, आमच्या चौकातले सगळे फ्लेक्स याच्याकडचे.

त्याला वडिलांवर लेख लिहायचा होता. नबीलाल पेंटर टॉकीजवर लागणारे सिनेमाचे बॅनर हातानं रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ते काम संपलं. आता वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही दिसणं कमीच. त्यांचा एकही बॅनर शिल्लक नाही, कारण सिनेमा उतरला की त्याच कापडावर पुढचा रंगवायचा.

“नेटवर नाव टाकलं की काय बी येत न्हाई,” शकील म्हणाला. “त्यास्नी दिसतंय तंवर एकदा दाखवायचं हाय, मॅडम.”

मला गलबलून आलं. मग मी लेख वाचला.

‘रंगांचे बादशहा, कलेचा कोहिनूर, दिलदार व्यक्तिमत्त्व, राजारामपुरीची शान.’ जन्म कुठला, काम कुठं शिकले, काही नाही. संदर्भ तर नाहीच. संदर्भ म्हणजे ही माहिती कुठल्या पुस्तकात किंवा पेपरात छापून आली त्याचा पत्ता. तो नसेल तर आमच्याकडे वाक्य टिकत नाही. शिवाय घरच्या माणसाबद्दल घरच्यानं शक्यतो लिहू नये. हे सगळं मी सकाळी दीड तास घसा कोरडा करून सांगितलं होतं. शकीलनं मान डोलावली होती. मान सगळेच डोलावतात.

“संदर्भ कुठाय?”

“आख्खं कोल्हापूर वळखतंय की त्यास्नी! कुणालाबी इचारा.”

“कुणालाही विचारा, हा संदर्भ होत नाही. लेख सेव्ह करू नका.”

त्यानं सेव्ह केला. चार मिनिटांत लेख उडाला. आमचे काही संपादक नव्या लेखांवर नजर ठेवून असतात, जाहिरात दिसली की काढून टाकतात.

इथवर नेहमीचंच होतं. पण फ्लेक्सवाल्याला बोर्ड उतरवल्यावर काय करायचं ते पक्कं ठाऊक असतं. जास्त माणसं गोळा करायची आणि तोच बोर्ड परत लावायचा. मी मागच्या रांगेत एका बाईंना शिकवत होते, तेवढ्यात शकीलनं पाच शुभेच्छुक वर कॉम्प्युटर लॅबमध्ये, आमच्या कार्यशाळेत, आणले. पाच जणांनी पाच खाती उघडली आणि तोच लेख पाच वेळा परत चढवला. प्रत्येकानं फक्त स्वतःचं नाव यादीत पहिलं घेतलं.

एकाच माणसानं वेगवेगळ्या नावांनी लेख रेटायचा, हा आमच्याकडचा सर्वांत मोठा गुन्हा. तिकडे दूर कुठल्या तरी गावात बसलेल्या प्रचालकाला, म्हणजे खाती रोखायचे अधिकार असलेल्या संपादकाला, हे पाच जण एकच वाटले. त्यानं शकीलसकट सहाही खाती रोखली आणि वर कॉलेजचं इंटरनेट कनेक्शनच रोखलं. सगळी लॅब लिहिता लिहिता थांबली.

प्राचार्य धावत आले. “मॅडम, आपल्या कॉलेजवर बंदी आली?”

“कॉलेजवर नाही सर, कनेक्शनवर.”

“मग मी अहवालात काय लिहू?”

“कनेक्शन.”

“बरं, फोटो तरी काढून झालेत ना?”

मी मोबाइलवरून त्या प्रचालकाला तासभर विनवण्या केल्या. ही खरोखर पाच माणसं आहेत, माझ्यासमोर उभी आहेत. त्यानं विचारलं, पाच वेगवेगळी माणसं तोच मजकूर पुन्हा पुन्हा कशाला चढवतील? कोल्हापूरबाहेरच्या माणसाला याचं उत्तर कसं द्यायचं?

माझं डोकं फिरलं. मी शकीलला सगळ्यांसमोर झाडलं. “तुमच्या वडिलांचं नाव तुम्हीच घालवलंत,” असंही म्हणून गेले. तो खाली निघून गेला. हे बोलायला नको होतं, हे मला तेव्हाच कळलं.

सोमवारी मी त्याच्या दुकानात गेले. “आमच्या वाचनालयात गावातल्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे जुने अंक बांधून ठेवलेत. बघायचे?”

तो रोज दुपारी दुकान बंद करून येऊ लागला. धुळीनं शिंकत एकेक पान बघायचा. अकराव्या दिवशी वाचनालयात ओरडला, “मॅडम, गावलं!”

पान तीन. टॉकीजच्या नूतनीकरणाची बातमी, त्यात एक ओळ: ‘दर्शनी भागावरील बॅनर नबीलाल पेंटर यांनी तीन दिवसांत रंगविला.’

“आता लेख हुतोय?”

“नाही. एका ओळीवर माणसाचा स्वतंत्र लेख उभा राहत नाही.”

त्याचा चेहरा बघवेना. मग मी बॅनर रंगवण्याच्या कामावर लेख लिहायला घेतला. त्यासाठी दोन पुस्तकं कपाटातच सापडली. त्यात नबीलाल पेंटरांचं ते एक वाक्य घातलं, पुढे चार नंबरचा संदर्भ दिला. बंदी उठल्यावर लेख चढवला. टिकला.

शकील वडिलांना घेऊन आला. मी अक्षरं मोठी करत गेले, पडद्यावर ते एकच वाक्य उरेपर्यंत. नबीलालचाचांनी नाक पडद्याला टेकवलं.

“ह्यो बारका चार कसला?”

“तो दाबला की तळाशी पुरावा दिसतो, चाचा.”

“आमची सही बी तळालाच असायची,” ते म्हणाले. “कोपऱ्यात, बोटाएवढी. टॉकीजवाला म्हनायचा, कोन बगतंय? तरी करायचो.”

शकील खिडकीकडे तोंड करून उभा होता.

चार दिवसांनी कॉलेजच्या दारासमोर फ्लेक्स लागला. मधोमध चाचा, बाजूला ‘मार्गदर्शक’ म्हणून माझा ओळखपत्रावरचा फोटो, खाली शुभेच्छुक, या वेळी चौदाच्याही वर. मी तावातावानं रस्ता ओलांडला. जवळ गेल्यावर थांबले. बादशहा नव्हता, कोहिनूर नव्हता. नुसतं ‘नबीलाल पेंटर, सिनेमाचे बॅनर’ आणि त्यापुढे बारीक एक आकडा. सगळ्यात खाली, कोपऱ्यात, बोटाएवढ्या अक्षरांत साप्ताहिकाचं नाव आणि ‘पान ३’.

सगळ्या कार्यशाळेत संदर्भ द्यायला शिकला तो हा एकटा, आणि तो त्यानं दिला फ्लेक्सवर. प्राचार्यांनी अहवालाला त्या फ्लेक्सचाच फोटो जोडला.