विगला लावलेलं खोबरेल

खोबरेल तेलाचा वास आला की सौदीतल्या जेद्द्याचं ते घर आठवतं. तिथे मी आणि केनियाची एक बाई कामाला होतो. आल्या आल्या मॅडमनं तिचे दाट कुरळे केस भादरायला लावले होते. आईला कळू नये म्हणून शुक्रवारी व्हिडिओ कॉलला ती विग घालायची. माझ्या तापात तिनं माझंही काम उपसलं, म्हणून मी हौसेनं तिचा विग धुतला, त्याला खोबरेल चोपडलं. त्याच्या चिकट जटा झाल्या. तेवढ्यात तिच्या आईचा फोन वाजला. ती उघड्या डोक्यानंच बसली. त्यांच्यात कुणी गेलं की बायका डोकं भादरतात. "कोण गेलं? मला का नाही कळवलंस?" असं आई विचारत होती, हे तिनंच मागून सांगितलं. फोन ठेवल्यावर तिनं कंगवा घेतला. "ये, वेणी घालते तुझी," म्हणाली. मी पाठमोरी बसले. माफी मागायची अजून राहिलीच आहे.