गुरुबाईनं शिकवलेला एक इंच

आमच्या मंठाळची गुरुबाई सात वर्षं हैदराबादेत राहिली. नवऱ्यासंगं इमारतीच्या कामावर गेली, आधी विटा वाहिल्या, मग एका नळवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली लागली. दोन हजार तीन साली परतली ती पाना, करवत आणि दणदणीत आवाज घेऊन.

त्याच साली आमच्या पद्माबाईचं, म्हणजे माझ्या घरधनिणीचं, खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण घागर उचलणं कायमचं सुटलं. घरातला लोखंडी पाइप तर गंजून चाळण झालेला. पुण्यात कारखान्यात लागलेला आमचा मल्लेश म्हणाला, "अप्पा, महिन्यात घरात नीट पाणी न्हाई आलं तर आईला मी घेऊन जातो." आणि तिला तर घर सोडायचं नव्हतं.

म्हटलं, मी चौथी शिकलेला माणूस. शेतात बोअरचा पाइप टाकलाय, घरातला काय अवघड? नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, हे कुठल्या शेतकऱ्याला ठाऊक न्हाई? म्हणजे पाइप जितका बारीक तितका जोर जास्त! छतावरच्या टाकीपासून थेट चुलीपर्यंत अर्ध्या इंचाचा पाइप टाकला, आणि वर नारळही फोडला.

न्हाणीचा नळ सोडला, पाणी आलं. तो चालू ठेवून चुलीपाशीचा सोडला, तर तिथं करंगळीएवढी धार.  पद्माबाई आत गेली आणि ट्रंकेत लुगडी भरायला बसली. 

इतक्यात नारळाचा आवाज ऐकून गुरुबाई खोबरं मागायला आली. तुकडा तोंडात टाकला अन् भिंतीवरचा पाइप बघून थबकली.

"अण्णा, सगळाच अर्धा इंच? कामून?"

"जोर यावा म्हणून."

ती अशी हसली की खोबरं घशात अडकलं. ठसका थांबल्यावर म्हणाली, "तुमच्या विहिरीवरचा मोठा पाट केवढा रुंद हाय?"

"हातभर."

"अन् वाफ्यात शिरतो तो?"

"वीतभर."

"मग विहिरीपासनंच वीतभर करा की! भिजतील का सगळे वाफे?"

मी वर टाकीकडं बघितलं.

"टाकीला विहीर समजा. खाली उतरतो तो एक इंच. न्हाणीकडं, चुलीकडं फाटा फुटतो तो पाऊण. अर्धा फक्त नळाच्या तोंडाला. अंगठा दाबल्यावर धार लांब जाती अण्णा, पण घागर उशिरा भरती!"

दुसऱ्या दिवशी मी बसवकल्याणहून पाइप आणला. गुरुबाई पदर खोचून करवत चालवायची, मी पाइप धरायचा. मधूनमधून ओरडायची, "सरळ धरा की, नांगर न्हाई तो!" तिसऱ्या दिवशी दोन्ही नळ एकदम सोडले. आतून पद्माबाई ओरडली, "अहो, बंद करा की! हंडा वाहायलाय!" एवढं गोड ओरडणं मी लग्नापासून ऐकलं नव्हतं.

गुरुबाई निघाली तर पद्माबाईनं हात धरून तिला बसवलं. नळाच्या पाण्यानं पीठ भिजवलं आणि गरम भाकरी वाढली.

संध्याकाळी मी बूथवरून मल्लेशला फोन लावला. म्हणालो, "आई येणार न्हाई. आता तूच ये, आंघोळीला."