नामदेवभाऊंचं ‘बरोबर’

पांढुर्ण्याच्या कापूस बाजारात मी जन्मभर मापारी होतो. अंगाला जितका कापूस चिकटायचा, तितकेच किस्सेही घरी यायचे. कापूस झटकला जातो, किस्से नाही जात. त्यातले निम्मे नामदेवभाऊ दलालांचे. आणि त्यात भाऊ सोडून बाकी सगळे अक्कलेचे कांदे, मीसुद्धा!

भाऊ बायको गेल्यापासून एकटेच. इंग्रज गेले, त्यानंतर थोड्याच वर्षांत भाऊंना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तोंडात उरला एकच शब्द, "बरोबर!" हो म्हणायचं असो, नाही म्हणायचं असो की शिवी द्यायची असो, निघायचं तेच. समजत मात्र सगळं होतं. चूल, पाणी, कपडे, सगळं डाव्या हातानं, आपलं आपण.

पण गावाला अक्कल असती तर! जो तो त्यांच्या कानाशी येऊन बोंबलायचा, "भाऊ, कसं हाय जी?" मीही बोंबललोय. अरे, बोलणं गेलं होतं बाप्पा, कान नाही! एक दिवस वैतागून भाऊंनीच एका शेटजींच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडले, "बरोबर!" शेटजी दोन दिवस कानात कापूस घालून फिरले.

*

शेजारच्या सरस्वतीवहिनींनी एकदा भाऊंना जेवायला बोलावलं. "आणखी वाढू का, भाऊजी?" "बरोबर!" भाऊंनी ताटावर हात आडवा धरला. वहिनी म्हणतात कशा, "हात काढा नं जी, कढी गरम हाय!" आणि वर दोन पोळ्या.

भाऊ पुढचा अख्खा दिवस जेवले नाहीत. वहिनी गावभर सांगत सुटल्या, "एकट्या माणसाचे हाल पाहा, किती भुकेले होते!"

*

मग राज्यं तोडायची-जोडायची हवा आली. एक पुढारी आले, "भाऊ, आपण नागपूरसंगं जायचं नं?" "बरोबर!" दुसऱ्या दिवशी दुसरे, "भाऊ, इथंच राहायचं नं?" "बरोबर!" दोघांच्याही यादीत भाऊंचं नाव. शेवटी नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो. भाऊंनी नाही म्हणून हलवलेली मान दोघांपैकी एकालाही दिसली नव्हती. पुढारीच ते!

*

बाजारात मात्र भाऊंचं काही अडलं नाही. आमच्याकडे भाव तोंडानं बोलतच नाहीत. दोन हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. पटला तर हात धरून ठेवायचा. नाही पटला तर दुपट्टा ओढून खांद्यावर टाकायचा, सौदा मोडला! भाऊ हे डाव्या हातानं करायचे, म्हणून व्यापारी त्यांच्या डाव्या बाजूला बसायचे. एवढाच काय तो फरक.

*

भाऊंचा पुतण्या मनोहर नागपूरला. त्याचा डोळा भाऊंच्या घरावर. येऊन विचारायचा, "काका, घर माह्या नावानं करता नं? माह्यासंगं नागपूरले येता नं?" "बरोबर!" म्हणताना भाऊंच्या डोळ्यांत पाणी यायचं. "पाहा, खुशीनं रडून राहिले!" म्हणे हा निर्लज्ज.

एक दिवस तो घर नावावर करायचा कागद घेऊन आला, सोबत नायब तहसीलदार. साहेब नवे, हिंदीवाले. आम्ही बाजारातले झाडून सारे अंगणात जमलो. साहेबांनी विचारलं, "बाबा, अपनी मर्ज़ी से दे रहे हो?"

"बरोबर!"

भाऊंची मान नाही म्हणून हलली, पण साहेबांचे डोळे कागदात; त्यांनी अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. अंगठा उठला की भाऊ आपल्याच घरातून जाणार! मी ओरडलो, "साहेब, यांच्या तोंडाले नका विचारू, हाताले विचारा!"

"मापाऱ्यालेबी लकवा मारला का?" मनोहर हसला.

मी साहेबांना दुपट्ट्याची रीत सांगितली. ते म्हणाले, "ठीक है, करके दिखाओ." बाजारातले जुने व्यापारी किसनशेट भाऊंच्या डावीकडे बसले. दोन हातांवर दुपट्टा पडला. किसनशेटांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊ, हे घर मनोहरले देता?"

भाऊंनी दुपट्टा असा ओढला की शाईची डबी मनोहरच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर सांडली. दुपट्टा खांद्यावर गेला, आणि अख्खं अंगण एका आवाजात ओरडलं, "सौदा मोडला!"

भाऊंनी मनोहरकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर!"